ग्रंथांचा चातुर्मास

नालंदा जळाली, हे मराठी मध्यमवर्गीय घरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ग्रंथालयाच्या वर्धापनदिनाचे भाषण बहुधा तेथूनच सुरू होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस बख्तियार खिलजीच्या स्वाऱ्यांत पूर्व भारतातील विहार उद्ध्वस्त झाले, त्यांच्यासोबत ग्रंथही गेले. ती जखम विसरण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्या इतिहासाला एक उत्तरार्धही आहे आणि तो भाषणांत सहसा येत नाही. नालंदा-विक्रमशीलेच्या परिसरात लिहिल्या गेलेल्या ताडपत्री पोथ्यांपैकी काही आजही जगात आहेत. त्या सापडल्या नेपाळ आणि तिबेटमध्ये. हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ मध्ये चर्यापदांची पोथी मिळाली ती नेपाळच्या दरबार ग्रंथालयात. राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले आणि भारतात नामशेष झालेल्या संस्कृत ग्रंथांचा माग त्यांनी तेथील मठांतून काढला. या पोथ्या तेथे तगल्या याचे श्रेय भिक्षूंच्या निष्ठेला द्यायलाच हवे. पण त्या निष्ठेला साथ मिळाली ती डोंगरावरच्या थंड हवेची. गंगेच्या खोऱ्यात ज्या पोथ्यांना कोणत्याही आक्रमकाचा हात लागला नाही, त्यांपैकी किती उरल्या? त्या पावसाने, बुरशीने आणि कसरीने संपवल्या. जे जळाले त्याची नोंद इतिहासाने ठेवली. जे कुजले त्याची कोणी ठेवली नाही.

हाच न्याय आजही चालू आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. अग्रलेख आले, सभा झाल्या, मदतीचे हात पुढे आले. समाजाचे मन जिवंत असल्याची ती खूण होती. परंतु दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून चार महिने राज्यातील प्रत्येक ग्रंथालयावर एक हल्ला होतो. त्याला आवाज नसतो, म्हणून त्याचा निषेधही होत नाही. कार्तिकात कपाट उघडले की कुबट वास येतो, पुठ्ठ्यावर पांढरट-हिरवी भुकटी दिसते, कोणीतरी ती फडक्याने झटकतो आणि पुस्तक पुन्हा त्याच जागी जाते.

मराठी ग्रंथालयांची परंपरा अभिमान वाटावा अशीच आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. पणजीचे ग्रंथालय, जे आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते, त्याची सुरुवात पोर्तुगीज अमदानीत १८३२ मध्ये झाली. ही नावे नकाशावर मांडली की एक गोष्ट लक्षात येते. यांतील बहुतेक संस्था समुद्रालगत किंवा घाटाच्या पायथ्याशी, म्हणजे भारतातील अत्यंत दमट पट्ट्यात आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणातील सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. पूर्वजांनी वाचनाची भूक जेथे होती तेथे ग्रंथालये काढली आणि ते योग्यच केले. मात्र तेथील हवेशी झुंजण्याची जबाबदारी त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात घातली.

'सापेक्ष आर्द्रता' हा शब्द ऐकला की संचालक मंडळातील बहुतेकांचे डोळे दुसरीकडे वळतात. वास्तविक मराठी गृहिणीला ही कल्पना कोणत्याही पदवीधराहून अधिक चांगली कळते. पावसाळ्यात खड्याच्या मिठाला पाणी सुटते, पापड सादळतात, दारे फुगून घट्ट बसतात. कोणत्याही तापमानाला हवेत बाष्प मावण्याची एक कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्ष हवेत आहे, ती सापेक्ष आर्द्रता. मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते ते ही आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर. बुरशीचे बीज हवेत नेहमीच असते. त्याला कागदावर रुजायला साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या पुढची आर्द्रता आणि काही दिवसांची स्वस्थता लागते. म्हणजे स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटले, त्याच्या आधीच ग्रंथालयात बुरशीची वेळ येऊन ठेपलेली असते. उलट बाजूही आहे. आर्द्रता ३०-३५ टक्क्यांच्या खाली गेली तर कागद आणि चामड्याची बांधणी कडक होते, पान वळवताना तुटते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि त्याच इमारतीत ऑगस्टमध्ये ८० च्या वर चढते. कागद पाणी शोषून फुगतो, सोडून आकसतो. पुठ्ठा एका वेगाने, कापड दुसऱ्या, सरस तिसऱ्या. वर्षानुवर्षे ही ओढाताण चालली की बांधणीचे सांधे सुटतात.

कागद किती पाणी पितो याचा अंदाज घेण्यासारखा आहे. एक टन वजनाचा, म्हणजे दोन-तीन हजार पुस्तकांचा संग्रह असेल आणि खोलीतील आर्द्रता ५० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली, तर तो संग्रह हवेतून सुमारे दहा लिटर पाणी गिळतो. हे पाणी दिसत नाही, टपकत नाही; ते पानापानांत मुरते.

तापमानाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो कागदाच्या जातीवर अवलंबून आहे. जुन्नर आणि दौलताबादचा हातकागद चिंध्यांच्या आणि तागाच्या धाग्यांचा. त्यावर काजळाच्या शाईने लिहिलेली मोडी कागदपत्रे आजही ताठ आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. त्यांतील अठराव्या शतकातले एखादे पत्र हाती घेतले तर ते मागच्या पिढीतल्या दिवाळी अंकाहून अधिक तरुण वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरणीचा लाकडी लगद्याचा कागद आला. त्याला खळ देण्यासाठी तुरटी आणि राळ वापरीत. त्या तुरटीतून कागदात आम्ल तयार होते आणि तेच आम्ल कागदाचे तंतू आतून तोडत राहते. उष्णता आणि दमटपणा या दोन्हींनी ही क्रिया वेग घेते. तापमान दहा अंशांनी खाली आले तर हा वेग ढोबळमानाने निम्मा किंवा त्याहूनही कमी होतो. याचा अर्थ असा की मराठीतील सर्वांत संकटग्रस्त वाङ्मय ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथ्या हे नाही. ते आहे गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतील छापील पुस्तके, नियतकालिके, स्थानिक वृत्तपत्रे, छोट्या गावांतून निघालेली चरित्रे आणि जातिज्ञातींचे, देवस्थानांचे, संस्थांचे वृत्तान्त. पोथीला नमस्कार करणारे पुष्कळ असतात, पिवळ्या मासिकाला रद्दीवाला असतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी झटणाऱ्या अभ्यासकांना जी साधने चाळावी लागली, त्यांतील कित्येक याच पिवळ्या कागदावरची आहेत.

या दुखण्यावर हल्ली जो उपाय सर्वत्र सुचवला जातो तो म्हणजे 'एसी बसवा'. आमदार निधीतून येतो, उद्योजकाकडून येतो, दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ मुलगा देतो. भावना निर्मळ असते. परिणाम मात्र पुष्कळदा उलटा होतो. कोणत्याही तालुक्याच्या गावी घडणारा क्रम असा असतो. वातानुकूलन यंत्र सकाळी दहाला सुरू होते, सायंकाळी सहाला बंद. विजेचे बिल पाहून रविवारी आणि सणावारी पूर्ण बंद. दिवसभरात खोली आणि कपाटे २२ अंशांपर्यंत थंड होतात. यंत्र थांबले की खिडक्यांच्या फटींतून पावसाळी हवा आत शिरते. २८ अंश तापमानाच्या हवेत एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम बाष्प मावते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर प्रत्यक्षात २३ ग्रॅम असते. हीच हवा २२ अंशांच्या थंड पुठ्ठ्याला टेकली की तिची क्षमता १९ ग्रॅमवर येते. उरलेले बाष्प कोठे जाणार? थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दव जमते, तसे ते पुस्तकांवर आणि लोखंडी कपाटांच्या पत्र्यावर आतून-बाहेरून जमते. सकाळी यंत्र पुन्हा सुरू होते आणि ओले पुस्तक थंडीत वाळत बसते. रोज एक भिजणे, रोज एक वाळणे. असे चार महिने. त्यापेक्षा यंत्रच नसते तर पुस्तके अधिक सुखी राहिली असती.

दुसरी गफलत याहून सूक्ष्म आहे. खोलीच्या मानाने मोठे यंत्र घेतले तर ते काही मिनिटांत तापमान खाली आणून थांबते. हवेतील पाणी काढायला त्याला पुरेसा वेळ मिळतच नाही. पावसाळ्यात बाहेरच २६ अंश असताना आत २४ ला लावलेले यंत्र जवळजवळ विश्रांतीच घेत असते. वाचकाला गारवा जाणवतो, समितीला समाधान वाटते आणि आर्द्रतामापक असलाच तर तो ७५ दाखवत असतो. पण आर्द्रतामापक बहुधा नसतोच. वातानुकूलन यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. काही शे रुपयांच्या आर्द्रतामापकावर पाटीला जागा नसते, हे त्याचे एक कारण असावे.

विदर्भ-मराठवाड्यातील कूलरची कथा अशीच. वैशाखातील कोरड्या झळांत वाळ्याच्या पडद्याचा कूलर वाचकाइतकाच कागदालाही मानवतो, कारण तेव्हा हवेला थोड्या पाण्याची गरज असते. मृगाच्या सरी पडल्या तरी तो तसाच भरभरत राहतो, तेव्हा मात्र तो ग्रंथालयात अधिकृतपणे पाऊस पाडत असतो.

मग पूर्वी काय करीत होते? समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. तो अक्षराच्या वळणासाठी शाळेत शिकवला जातो. पण त्याच समासात पुढे पुस्तक राखण्याच्या साहित्याचीही यादी येते. तीत बासने आहेत, शेंदरी रंगाची मेणकापडे आहेत, पेट्या आहेत आणि कुलपेही आहेत. आजच्या संवर्धनशास्त्राच्या चष्म्यातून ही यादी पुन्हा वाचावी. पोथीच्या वर-खाली लाकडी फळ्या, त्यांवर घट्ट बांधलेले सुती बासन, त्यावर बाष्पाला अडवणारे मेणकापड आणि हे सारे लाकडी पेटीत. कापड आणि लाकूड ओल शोषतात, सावकाश सोडतात. बाहेर आर्द्रता एका दिवसात तीस टक्क्यांनी हलली, तरी पेटीच्या आत ती फार थोडी हलते. खोलीची हवा काबूत ठेवणे अशक्य असेल तर ग्रंथाभोवतीची वीतभर हवा काबूत ठेवायची, हे ते सूत्र. जपानमधील नारा येथे आठव्या शतकातील शोसोइन या कोठारात बौद्ध मंदिराची संपदा नेमकी याच रीतीने, सीडर जातीच्या लाकडाच्या पेट्यांत, बाराशेहून अधिक वर्षे टिकली. तेथे पावसाळा आहे, समुद्राची दमट हवा आहे आणि शतकानुशतके वीज नव्हती.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. पूर्वजांना सारे ठाऊक होते असे म्हणून हात जोडून मोकळे होण्याची जी सवय समाजाला जडली आहे, ती त्या पूर्वजांवरच अन्याय करते. कडुलिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे, तांबडे बासन यांची आज समाजमाध्यमांवर मोठी वाखाणणी होते. वेखंडाने किडीला थोडा अटकाव होतो, हे खरे. पण ओल्या कपाटात वेखंड ठेवल्याने कपाट कोरडे होत नाही. पोथ्या टिकल्या त्या पाल्याने नव्हेत, पाला बदलण्याच्या निमित्ताने वर्षातून एकदा कोणीतरी पोथी सोडत असे म्हणून. जैन समाजात कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी पाळतात. त्या सुमारास ज्ञानभांडारे उघडून, पोथ्या झटकून, हवा दाखवून, नवी बासने बांधण्याचा प्रघात आहे. दसऱ्याच्या सरस्वतीपूजनाची वेळही अशीच बोलकी आहे. मोसमी वारे माघारी फिरत असतात, आकाश निवळत असते. म्हणजे धर्माने हवामानाची नोंदवहीच तिथींच्या रूपाने लिहून ठेवली होती. आज पाटीवर सरस्वती काढून पूजा होते. चार ग्रंथ पाटावर मांडले जातात, त्यांवर हळदकुंकू वाहिले जाते (तेही कागदाला अपायच करते) आणि उरलेले वीस हजार ग्रंथ कपाटात बंद राहतात.

दुसरे असे की जुनी व्यवस्था नकलेवर उभी होती. केरळ-कोकणच्या हवेत ताडपत्राचे आयुष्य काही शतकांचे असते, हे जाणून पोथी जीर्ण होण्यापूर्वी नवी लिहून काढीत. ती साखळी जेथे तुटली तेथे ग्रंथ संपला. कौटिल्याचे अर्थशास्त्र म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ मध्ये ताडपत्रावर, ग्रंथलिपीत मिळाले आणि १९०९ मध्ये छापले गेले. त्याआधी या ग्रंथाचे नाव आणि इतरांनी दिलेले उतारेच विद्वानांना माहीत होते. ती पोथी तंजावरकडच्या ज्या घरात होती, तेथील छप्पर दोन पावसाळे गळले असते तर? भांडारकर संस्थेतील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिसंचितात नोंद केली. त्यांतील एक भूर्जपत्रावर, शारदा लिपीत आहे. काश्मीरच्या थंडीत जन्मलेले ते भूर्जपत्र आज मुळा-मुठेच्या काठी नांदते आहे, ही त्याची काळजी वाहणाऱ्या पिढ्यांची पुण्याई.

जगातही यंत्राचा भाबडेपणा ओसरू लागला आहे. ब्रिटिश मानक ५४५४ ने एकेकाळी ग्रंथागारासाठी १६ ते १९ अंश आणि ४५ ते ६० टक्के आर्द्रता असा कडक दंडक घातला होता. लंडनच्या हवेत तो पाळणे महाग होते, मुंबईत तर जवळजवळ अशक्य. पुढे तेथीलच तज्ज्ञांनी तो सैल केला. मोठ्या संग्रहालयांच्या प्रमुखांनी २०१५ च्या सुमारास मान्य केलेली मर्यादा १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के अशी आहे. चोवीस तासांत फार चढउतार नको, ही अट मात्र कायम आहे. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टच्या ताब्यातील जुन्या वाड्यांत तर हिवाळ्यात माणसांसाठी नव्हे, ग्रंथांसाठी खोली किंचित उबदार करतात, कारण उबदार हवेची सापेक्ष आर्द्रता घटते. महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण ब्राझीलचे. रिओ दि जानेरोत रुई बार्बोझा या कायदेपंडित राजकारण्याचे घर आणि त्याचा हजारो ग्रंथांचा संग्रह जतन केलेला आहे. हवा मुंबईसारखीच दमट. अमेरिकेतील गेटी संवर्धन संस्थेच्या साहाय्याने तेथे जी योजना झाली, तिचा भर अतिशीत गारव्यावर नाही. बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हा ती गाळून आत घ्यायची, दमट असेल तेव्हा दारे लावून बाष्प काढायचे. ही युक्ती मराठी माणसाला परकी वाटू नये. वाड्याच्या खिडक्या केव्हा उघडायच्या आणि केव्हा लावायच्या, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना याच रीतीने कळत असे.

तेव्हा राज्यातील ग्रंथालयांनी करायचे तरी काय? पहिले काम छपराचे, पन्हळीचे आणि भिंतीवर उगवलेल्या पिंपळाचे. ज्या भिंतीतून पाणी झिरपते तिच्या आत बसवलेले कोणतेही यंत्र म्हणजे फुटक्या रांजणाला पाणी भरणे होय. मग कपाटे बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर घ्यावीत. पावसाळ्यात ग्रंथदालनाची फरशी ओल्या फडक्याने पुसू नये. रोज पुसलेल्या बादलीभर पाण्यातले निम्मे हवेत जाते. दुर्मीळ ग्रंथ निवडून ते एका आतल्या, कमी खिडक्यांच्या खोलीत आणावेत आणि तेवढ्याच खोलीसाठी आर्द्रता शोषणारे यंत्र घ्यावे. ते वातानुकूलन यंत्राहून पुष्कळ कमी वीज घेते. परंतु खोली बंद असावी लागते आणि त्यातील पाण्याची टाकी रोज रिकामी करावी लागते, रविवारीसुद्धा. नुसती कपाटेच असतील तर निळ्या सिलिका जेलच्या पिशव्या चालतात, त्या गुलाबी झाल्या की तापवून पुन्हा वापरता येतात. तेवढे लक्ष देणारा मात्र हवा. अत्यंत दुर्मीळ प्रतींना आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेट्या कराव्यात, म्हणजे समर्थांची पेटी नव्या रूपात परत येईल. डांबरगोळ्यांचा आणि कीटकनाशकांचा मारा थांबवावा. ते विष वाचकाच्या आणि कर्मचाऱ्याच्या फुप्फुसात जाते आणि बुरशीला त्याचे सोयरसुतक नसते.

शासनाचा भाग याहून वेगळा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली राज्यात अकरा-बारा हजार ग्रंथालये अनुदानाच्या कक्षेत आली. ही देशातील मोठीच चळवळ आहे. अ, ब, क, ड असे वर्ग ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके पाहून ठरतात. पुस्तके किती आहेत हे तपासणीत मोजले जाते. ती कशा अवस्थेत आहेत हे सहसा नाही. त्यामुळे समितीचे सारे लक्ष नवी खरेदी दाखवण्याकडे लागते. जुने पुस्तक कुजले तर ते जीर्ण म्हणून खाती वजा होते आणि त्याची दुसरी प्रत राज्यात कोठे आहे का, हे कोणी पाहत नाही. शंभर वर्षांहून जुन्या प्रत्येक ग्रंथालयात आर्द्रतेची दैनिक नोंदवही सक्तीची करणे, अनुदानात जतनासाठी स्वतंत्र रक्कम राखणे आणि दर जिल्ह्यात एक प्रशिक्षित संवर्धक नेमणे, यासाठी कायदा बदलावा लागत नाही. वेतन जेमतेम आणि तेही वेळेवर न मिळणाऱ्या ग्रंथपालाकडून रविवारी टाकी रिकामी करण्याची अपेक्षा ठेवायची असेल, तर त्याच्या वेतनाचाही विचार त्याच वेळी करावा लागेल. ती गोष्ट टाळून केलेले जतनाचे कोणतेही नियोजन कागदावरच राहील.

'आता सारे स्कॅन होते आहे, मग कागदाची चिंता कशाला?' हा युक्तिवाद अलीकडे सुशिक्षितांच्या तोंडूनच येतो. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् योजना जाहीर झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन हे तिचे उद्दिष्ट. तिचे स्वागतच करायला हवे. परंतु एक कोटी पोथ्यांचे छायाचित्रण एका पावसाळ्यात होत नाही. रांगेत शेवटी उभी असलेली पोथी तिची पाळी येईपर्यंत जिवंत राहिली पाहिजे. शिवाय छापील मराठी पुस्तके या योजनेच्या मुख्य कक्षेत नाहीत. त्यांचा वाली तालुक्याचे वाचनालयच.

आणि तेथे माणसे लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला कृष्णेचे पाणी नगर वाचनालयात शिरले, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या वाचन मंदिरात वाशिष्ठी शिरली. दोन्ही वेळा चिखलातून पुस्तके उचलायला स्वयंसेवक धावून गेले. आपत्तीत धावून जाण्याचा संस्कार या समाजात चांगला रुजलेला आहे. पण पूर न आलेल्या गावातही दर दसऱ्यानंतर तेच हात हवे आहेत, तेही दोन दिवसांसाठी. एकेक कपाट रिकामे करायचे, कोरड्या मऊ ब्रशने पाने झटकायची, बुरशी लागलेले पुस्तक वेगळे काढून तोंडावर मुखपट्टी बांधून मोकळ्या हवेत, सावलीत उभे करायचे. थेट उन्हात नव्हे. उन्हाने ओल जाते खरी, पण कागद आणि शाई दोन्हींचा रंग उडतो. एका शाळेचा नववीचा वर्ग आणि पाच-सहा निवृत्त मंडळी एवढ्यांत मध्यम आकाराचे ग्रंथालय होऊन जाते. ते करताना त्या मुलांच्या हाती आयुष्यात प्रथमच शंभर वर्षांपूर्वीचे मराठी पुस्तक येईल, हा त्यातला वरचा लाभ.

आर्द्रतामापक विकत घेतल्यावर तो खरे बोलतो की नाही हे तपासण्याचीही सोय घरातच आहे. एका झाकणात चमचाभर मीठ घेऊन ते ओलसर लगदा होईल इतके पाणी घालावे, झाकण आणि मापक एका पारदर्शक डब्यात घालून तो घट्ट बंद करावा आणि रात्रभर ठेवावा. सकाळी काटा ७५ च्या आसपास असला पाहिजे. नसेल तर जितका फरक तितका वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. मग रोज सकाळी ग्रंथालय उघडताना एक आणि सायंकाळी बंद करताना एक, अशा दोन नोंदी. आषाढी एकादशीला वही सुरू केली तर कार्तिकीपर्यंत कोणत्या कपाटाची काय अवस्था होते, हे त्या संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच कोणाला तरी कळलेले असेल.